खालून धुतलेल्या काचा

जन्मभर मी काचा पुसल्या. काय करता असं कोणी विचारलं की मी तेवढंच सांगतो, आणि समोरचा जरा थांबतो, पुढे अजून काही असेल म्हणून. पुढे काही नाही. आधी दुकानांच्या काचा, मग बंगल्यांच्या, मग सिंहगड रस्त्याला ऑफिसं उभी राहिली तशा त्यांच्या. मी शिडीवर आणि बायको खाली. तिचा एक पाय शिडीच्या शेवटच्या पायरीवर, पदर कमरेला, दोन्ही हात शिडीला. बादली दोरीने वर तीच द्यायची आणि खालून ओरडायचीही तीच.

"डावीकडं राहिलंय!"

"कुठं?"

"अहो, माझ्या न्हाई, तुमच्या डावीकडं!"

रस्त्याने जाणारे हसायचे. आम्ही हसत नव्हतो. वर माणूस असला की खालच्याला हसायला वेळ नसतो.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. दवाखान्यात शेवटी शेवटी बोलायला दम लागायचा, तरी एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मी धरली नसंल तर शिडीवर चढायचं न्हाई. कळलं का?"

"मग काय करू?"

"बसा घरी."

"घरी बसून काय करू?"

"ते मला काय विचारता? मी का असणार हाय तिथं?"

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

मग खरंच घरी बसलो. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे, मी बंद केलं म्हणायचो. मुलगी आमच्या जवळच धायरीत राहते. ती रोज येऊन डबा ठेवायची आणि संध्याकाळी तो तसाच भरलेला उचलायची. एक दिवस चिडली. "आप्पा, शिडी धरायला एखादा माणूस ठेवा. पुण्यात माणसं कमी आहेत का?"

"माणसं पुष्कळ आहेत. तुझी आई 'मी धरली नसेल तर' म्हणाली. 'कोणी धरली नसेल तर' असं नाही म्हणाली."

"तिला तसंच म्हणायचं असणार."

"तुला विचारून म्हणाली का?"

तिने भरलेला डबा उचलला. पण तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं. मला काम सोडून जगता येत नव्हतं, आणि दिलेला शब्द मोडून काम करायचं नव्हतं. या दोन्हींच्या मध्ये मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि दिवसेंदिवस खुर्चीत बारीक होत होतो.

मग तिने फोनवर काहीतरी दाखवलं. कुठल्या परदेशातला माणूस रस्त्यावर उभा राहून हातातल्या लांब काळ्या काठीने चौथ्या मजल्याची काच धूत होता. काठीच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून पाणी.

"आकाशकंदील लावायची काठी आहे ही," मी म्हणालो.

"चला, बघून तर येऊ."

मंडईच्या पलीकडे एका बोळात सफाईच्या सामानाचं दुकान आहे. मी आत शिरताच म्हणालो, "सगळ्यात लांब काठी दाखवा."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "किती मजल्यांचं काम करता?"

"सगळ्यात लांब दाखवा म्हटलं."

"लांबी मी विचारली नाही. मजले विचारले."

"तीन. फार तर चार."

"मग सात मजल्यांची काठी घेऊन काय करणार आजोबा? पतंग काढणार?"

मुलगी हसली. तिचं हसू मी किती महिन्यांनी ऐकलं. त्यासाठी मी त्या माणसाचा पाणउतारा गिळला.

तो आम्हाला दुकानामागच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. तीन काठ्या आणल्या. पहिली ॲल्युमिनियमची. त्याने शिकवलं तशी आतली बारीक नळी आधी वर काढली, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, आणि प्रत्येक ठिकाणी चाप दाबत गेलो. जाड नळी आधी काढली तर बारकीचा चाप हाताबाहेर वर निघून जातो, मग बसा बघत. काठी उभी झाली आणि माझे खांदे भरून आले. टोक तर असं डुलत होतं, जसं वर कोणी बसून झोके घेतंय. दुसरी फायबरची. ती जरा बरी. तिसरी काळी.

तिसरी मी पहिल्या दोन्हींच्या हिशोबाने जोर लावून उचलली आणि मागे दोन पावलं गेलो. मुलीने पाठीला हात लावला. जोर लावायला तिथं काही नव्हतंच. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. मुठीत बायकांच्या बांगडीएवढं वजन, आणि मान वर केली तर माझ्याच मुठीतून निघालेली काळी रेघ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत सरळ गेलेली. मनगट जरासं फिरवलं, तर तिकडे वर ब्रशने मान फिरवली. मी इकडे, तो तिकडे, आणि दोघांचं एकमेकांना कळत होतं. आयुष्यात तेवढ्या उंचीवर हात न्यायचा तर मला सगळं अंग बरोबर न्यावं लागायचं.

"कशाची आहे ही?" माझा आवाज उगाचच बारीक झाला होता.

"कार्बनची. कोळशाच्या भाऊबंदांतली समजा. त्याचे धागे करतात, ते कापडासारखे विणतात आणि घट्ट चिकटवतात."

मी काठी डोळ्यांजवळ नेली. खरंच विणलेली होती. उभा धागा, आडवा धागा, बारीक चटईसारखा.

"कोळशाचा धागा कोण काढतो?"

"मी नाही काढत. मी विकतो." मग जरा मवाळ झाला. "आता एक करा. तिन्ही काठ्या एकेकदा हलवा आणि टोक थांबेपर्यंत बघत राहा. जी लवकर थांबेल ती चांगली. लांबी आणि रंग बघून काठी घ्यायची नसते."

ॲल्युमिनियमची बराच वेळ नाचली. फायबरची थोडा वेळ. काळीने एक झटका खाल्ला आणि उभी राहिली, शाळेत सावधान म्हटल्यासारखी.

"आणि ऐका," तो म्हणाला, "विजेच्या तारेच्या आसपास ही न्यायची नाही. कार्बन वीज धरतो. तार दिसली की कामाला नाही म्हणायचं. मला गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आलेलं आवडतं."

पैसे कोणी द्यायचे यावरून आम्हा बापलेकीत जे झालं ते इथे लिहीत नाही. ती जिंकली.

काठीबरोबर एक नळकांडं मिळालं, साधारण गॅसच्या छोट्या टाकीएवढं. नळाचं पाणी एका बाजूने त्यात जातं आणि दुसरीकडून काठीत जातं. वर एक छोटं यंत्र, त्यावर आकडा. आमच्याकडचं पाणी कसं आहे ते धायरीतल्या कुठल्याही बाईच्या पातेल्यात बघा, बुडाला पांढरा थर असतो. ते पाणी आत गेलं की बाहेर येताना यंत्रावर शून्य दिसतं. मी दुकानदाराला शून्य म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "म्हणजे पाण्यात पाण्याशिवाय दुसरं काही नाही. त्यामुळे पुसायचं नाही. धुवायचं आणि सोडून द्यायचं. वाळलं की डाग नाही."

यावर मी विश्वास ठेवला नाही. ओली काच तशीच टाकून जाणाऱ्या माणसाला मी दारात उभं केलं नसतं. ते पाणी मी बोटावर घेऊन चाखलं. चव नाही. अगदीच नाही. इतकं काहीच नसलेलं मी कधी तोंडात घेतलं नव्हतं.

पहिला हात मुलीच्याच सोसायटीत मारला. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, शेजारच्यांच्या खिडक्या लागूनच. दोन्ही घरांच्या काचा धुतल्या, आधी वरची चौकट, मग काच, मग ब्रश उचलून नुसतं पाणी. झालं. आता सोडायचं. मी काठी भिंतीला टेकवली, दोन मिनिटं उभा राहिलो, आणि मग मला राहवेना. जिन्याने वर गेलो, मुलीच्या घरातली काच सरकवली, हात बाहेर घातला आणि कोरड्या फडक्याने तिच्या खिडकीच्या दोन्ही काचा नीट पुसून काढल्या. वर्षानुवर्षांची सवय.

तासाभराने ऊन आलं. मुलगी खाली उभी राहून ओरडली, "आप्पा, शेजाऱ्यांच्या काचा लखलखीत आणि आपल्याच घाण! असं कसं?"

मी खाली आलो. शेजाऱ्यांच्या खिडकीला काच आहे की नाही ते कळत नव्हतं. आमच्या काचेवर फडक्याचे पट्टे.

"पुसल्या मी," मी म्हणालो.

"का?"

"ओल्या होत्या म्हणून."

ती पायरीवर बसून हसली. मी मात्र शेजाऱ्यांच्या खिडकीकडे बघत राहिलो. या कामात मी म्हातारा झालो आणि ज्या काचेला माझा हात लागला नव्हता तीच स्वच्छ होती.

मग ऑफिसच्या मॅडमना फोन केला. सिंहगड रस्त्यावरची ती तीन मजली काचेची इमारत आम्ही दोघांनी बरीच वर्षं केली होती. मॅडम म्हणाल्या, "काका, होतात कुठे? या उद्याच."

गेल्यावर आधी इमारतीला फेरी मारली, तारा बघत. तिथली वीज जमिनीखालून आहे, वर काही नाही. मग काठी उभी केली, पाणी सोडलं आणि मान वर केली.

इथे मला जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही, पण लिहितो. इतकी वर्षं मी त्या इमारतीच्या काचेला नाक लावून होतो, पण ती इमारत मी पाहिलीच नव्हती. वर असलं की समोर हातभर काच असते, त्यावर आपला श्वास आणि आपलंच तोंड. खालून पाहिलं तर तिन्ही मजले आभाळाने भरलेले. ढग एका काचेतून दुसरीत सरकत होते. डोंगर होता. एक घार वरच्या काचेत शिरली, चौकटीपाशी नाहीशी झाली आणि पुढच्या काचेतून निघाली. माझा ब्रश तिच्या वाटेवर फिरत होता.

बायको जेवताना सांगायची, "आज घार गेली बघा तुमच्या डोक्यावरनं, काचेत." मी म्हणायचो, शिडी धर, घारी बघू नकोस. रात्री ती मानेला तेल लावा म्हणायची तर मी म्हणायचो, चढलो मी आणि मान तुझी दुखते? त्या दिवशी दुपारपर्यंत माझीच मान लाकूड झाली. सकाळभर माझ्यासमोर जे होतं ते ती रोज बघत होती, आणि त्यातच मधोमध कुठेतरी मी होतो, पाठमोरा.

सगळ्या काचा झाल्या. एक सोडून. दुसऱ्या मजल्यावर कंपनीचा मोठा लोखंडी बोर्ड आहे, त्याच्या मागे कबुतरं बसतात. तिथली काच घाणीने माखलेली. ब्रश आत जाईना. वरून घातला, बाजूने घातला, तिरका केला. नाही.

मॅडम खाली आल्या. "काका, नेमकी माझ्याच केबिनची राहिली. नेहमी कशी करायचात?"

"शिडीवरून मागे हात घालून."

"मग शिडी पार्किंगमध्ये आहे की. वॉचमन धरेल. दोन मिनिटांचं काम."

वॉचमन लातूरकडचा, चांगला दांडगा. त्याने शिडी एकट्याने आणली, भिंतीला लावली, हलवून बघितली, शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी धरली. "चढा बाबा, मी हाय."

बरोबर धरली होती. हीच अडचण झाली. चुकीची धरली असती तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. माझा हात आपोआप शिडीवर गेला. हात शिडीला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. एक पाय उचलला की झालं, मॅडम खूश, काम माझं. नाही उचलला तर उद्या त्या दुसरा कोणीतरी बघतील, आणि मी परत खुर्चीत.

हात काढून घेतला. "मी नाही चढणार."

"भीती वाटते का काका?"

"नाही."

"मग?"

"बायकोला शब्द दिलाय."

मॅडम हसल्या. "असं होय. मावशी कुठायत? आज दिसल्या नाहीत. मीच सांगते त्यांना, आजच्या दिवस चढू द्या म्हणावं."

"गेली ती."

वॉचमनने शिडीवरचा पाय खाली घेतला. रस्त्यावर पीएमपीची बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. मॅडमनी त्या एका काचेकडे पाहिलं, मग बाकीच्या काचांकडे, खालून वर.

"ती काच आतून उघडून काही जमतं का, ते मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढच्या महिन्यात या."

"येईन. ती सोडून."

"ती सोडून."

त्या आत गेल्या. मी पाणी बंद केलं, पण काठी मिटली नाही. वॉचमन शिडी खांद्यावर घेऊन तिथेच घुटमळत होता.

"बाबा, काचा पुसायच्या न्हाईत?"

"नाही."

"मग वाळल्यावर डाग पडत्याल."

"नाही पडत. ठेव ती शिडी आणि इथे उभा राहा."

वरचा मजला आधी वाळायला लागला. ओल चौकटीच्या कडेला सरकत गेली, बारीक झाली आणि दिसेनाशी झाली. जिथून गेली तिथे काच नव्हती, नुसतं आभाळ होतं. मग दुसरा मजला. वॉचमनचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही दोघं माना वर करून खालचा मजला वाळायची वाट बघत उभे राहिलो.