तळ्याभोवतीचं लोखंड

नव्या अपडेटनंतर गेममधली हत्यारं आयती मिळेनाशी झाली. लोखंड खणून आणून ती घडवावी लागत. धाकट्या दिराच्या नादानं खेळायला लागलेल्या वहिनीनं पहिल्याच दिवशी त्यातली मेख ओळखली. तळ्याकाठचा लोखंडाचा खडक पूर्ण फोडायचा नाही, थोडा ठेवायचा. तळ्याला फेरी मारून येईतो तो पुन्हा भरतो. दिराच्या टोळीकडे लोखंडाचे ढीग लागले आणि वहिनी तळ्याभोवती जुंपली गेली ती कायमचीच.

आज टोळीची किल्ल्यावर चढाई होती. शेजारच्या खुर्चीतल्या दिराला तिनं बजावलं, "मी येणार. मला तलवार हवी."

"तू आलीस तर लोखंड कोण आणणार?"

"कसं आणायचं ते शिकवलंय ना सगळ्यांना?"

"शिकवलंस गं, पण तुझ्यासारखा हात बसलाय कुणाचा? आम्ही खडकच संपवून टाकतो." तो हसला. "बरं, रुसू नकोस. सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी काहीतरी घडवलंय."

वहिनी पुढे सरकली. पडद्यावरची पेटी उघडली. आत कुदळ होती, चकचकीत, दुप्पट वेगानं खणणारी.

"आवडली का वहिनी?" हेडफोनमधून सगळी टोळी एकदम विचारत होती.

"छान आहे," ती म्हणाली आणि तळ्याकडे वळली.