एजंटाचा सत्कार

कबड्डीच्या व्यावसायिक लीगमध्ये मी चढाईपटू होतो आणि माझ्या कराराचा एक हंगाम बाकी होता. नियम साधा होता. करार चालू असताना दुसऱ्या संघाशी बोलायचं नाही, ना स्वतः, ना एजंटामार्फत. सापडलात तर हंगामभर घरी बसायचं. मी एकतीस वर्षांचा होतो. त्या वयात वर्षभर घरी बसलेल्या चढाईपटूला परत कोण बोलावतो?

तरी बोललो. आदल्या हंगामात प्रशिक्षकाने मला बाकावर बसवून बसवून माझं डोकं फिरवलं होतं, आणि एजंट फोनवर लय गोड बोलायचा. 'त्यांना तुमची किंमतच कळली नाही,' हे वाक्य मी दिवसातून दोनदा ऐकायचो आणि दोन्ही वेळा मला ते पटायचं. शेवटी तो म्हणाला, दुसऱ्या संघाच्या व्यवस्थापकाला घेऊन भेटायला येतो. हॉटेलात कुणी बघेल म्हणून मीच शक्कल लढवली. तासगावजवळच्या आमच्या गावची यात्रा होती. यात्रेत घरोघरी मटणाला पाहुणे असतात, कोण कुणाकडे आणि कशाला आला हे कुणी विचारत नाही. त्या गर्दीत आणखी दोघे सहज खपले असते.

एवढं डोकं चालवलं आणि गावाचं सत्काराचं वेड तेवढं विसरलो. यात्रेच्या दिवशी गाडीतून उतरलेला माणूस फेटा न बांधता परत गेला, असं आमच्याकडे घडत नाही. दोघे जेवून निघाले, तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना गाठलं. "आवं, असं कसं? नारळ घिऊन जावा." दोघांना कबड्डीच्या मैदानावर नेलं, फेटे बांधले, शाली घातल्या आणि मला मधोमध उभं केलं. एजंटाने निवेदकाला हौसेने ओळख सांगितली होती. निवेदकाने ती भोंग्यावरून साऱ्या शिवाराला ऐकवली, की आपल्या गावच्या वाघाला न्यायला नव्या संघाचे व्यवस्थापक जातीने आलेत. टाळ्या पडल्या. कुणीतरी काढलेला तिघांचा फोटो संध्याकाळच्या आत माझ्या संघाच्या कार्यालयात पोचला.

संघाने लेखी खुलासा मागितला. एजंटाने फोन घेणं बंद केलं आणि एवढाच निरोप पाठवला, की वडिलांनी बोलावलं होतं असं लिहून द्या, सुटाल.

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एजंटाला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते जेवायच्या पंगतीत, आणि तेव्हा मी त्याची ओळख 'मित्र' अशी करून दिली होती. आता मी कागद लिहून त्यांच्यापुढे ठेवला. या दोघांना यात्रेचं निमंत्रण मी परस्पर दिलं, मुलाला त्याची कल्पना नव्हती. वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"असं लिवलं की तुला खेळू देतील?"

"व्हय."

त्यांनी सही केली आणि सवयीप्रमाणे खाली हुद्दा आणि पलटणीचं नाव लिहिलं. तेवढं तरी खोडा म्हणावं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणालो नाही. हुद्द्याने कागदाला वजन येणार, हे मला चांगलं कळत होतं. त्या क्षणाची मला आजही शरम वाटते.

संघाने ताकीद देऊन मला सोडलं. संघाच्या कार्यालयातून गावी येताना मी कराडला पेढे घेतले. वडिलांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"तूच बोलावलंतंस न्हवं त्यास्नी?"

"व्हय."

"बरं," म्हणाले आणि जनावरांना वैरण टाकायला गेले.

महिन्याभराने भावकीतले दोघे आमच्या दारात आले. त्यांच्यात शेताच्या बांधावरून वाद पेटला होता. गावात असले वाद वडिलांच्या शब्दावर मिटायचे. तुम्ही खरं ते सांगा, आम्ही दोघंही मानू, असं ते म्हणत होते.

वडिलांनी त्यांना बसवलं, चहा पाजला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता दुसरं कुणीतरी बगा."