एकशेदहाची मशीन

तुमच्या मिक्सरच्या बुडाला चिकटवलेली पट्टी तुम्ही कधी वाचलीय का? खरं सांगा. नाही ना? मग सुरतेतल्या गोडादऱ्याच्या अनुसयाबाईला हसायचं नाही.

अनुसयाबाई साड्यांना लेस लावते. सोळा वर्षं पायमशीन हाणली, आता गुडघे बिनतेलाच्या लूमसारखे वाजतात. डॉक्टर म्हणाला, पायमशीन सोडा. सोडून काय करायचं? बसून खाणं तिच्या रक्तात नाही. अशात ती जिथे साड्यांना फॉल लावून द्यायची, त्या घरची सून सोनाली अमेरिकेहून कायमची परतली आणि तिने आपली विजेची मशीन देऊन टाकली. नुसता पायाचा अंगठा दाबा, सुई चालू! अनुसयाबाईने मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

पण पिन चपटी. बोर्डात जाईना. आणि पट्टीवर आकडा एकशेदहा.

नवरा निंबा बमरोलीच्या कापड कारखान्यात लूमवर कामाला. विजेतलं आपल्याला कळतं, असा त्याचा तोरा. "कारखान्यात मोटरले तीन तारा, तठे चारशेचाळीस. घरमा दोन तारा, दोनशेतीस. मंग एकशेदहा म्हणजे?"

"म्हणजे काय?"

"एक तार!"

हिशेब इतका सरळ, की अनुसयाबाईलाही पटला. निंबाने पिन कापली, एका तारेला चिकटपट्टी गुंडाळली, दुसरी बोर्डात खोचली. मशीन ढिम्म. झटका बसला नाही, हेच नशीब.

"तुम्ही एक पायवर कामले जातस का?" ती उखडली आणि मशीन उचलून चौकातल्या विजेच्या दुकानात गेली. दुकानदाराने पट्टी वाचलीच नाही. दोन्ही तारांना आपली जाडी पिन बसवली आणि म्हणाला, "लो मासी, अब मशीन इंडियन हो गई."

घरी तिने साडी धरली, अंगठा टेकवला. मशीन किंचाळली! सुई दिसेना, लेस गोळा होऊन आत ओढली गेली, जळका वास सुटला. तिने पिन उपटली आणि मटकन बसली.

"पिन ते बदली ना? मंग हिले कसं समजनं, की ती अमेरिकानी शे?"

निंबाने लूमच्या जळक्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या काशीरामला बोलावलं. त्याने मशीन उघडून पाहिली. "मोटर वाचली, वहिनी. आपल्या भिंतीत दुप्पट जोर आहे. पिन बदलून वीज बदलत नाही."

"मग अंगठा अर्धाच दाबू?"

"नाही."

"फ्रिजचा स्टॅबिलायझर लावू?"

"तो वीज सांभाळतो, अर्धी करत नाही."

"मग सोनालीचा मोबाइलचा चार्जर अमेरिकेत चालतो, सुरतेत चालतो. हिलाच काय धाड भरली?"

काशीरामने डोकं खाजवलं. "त्याच्या पट्टीवर शंभर ते दोनशेचाळीस लिहिलेलं असतं. हिच्यावर फक्त एकशेदहा. मधे वीज उतरवणारा डबा, ट्रान्सफॉर्मर, लागतो."

अनुसयाबाईला अजूनही नीट उमगलेलं नाही, आणि चूक तिची नाहीच. देणारीने सांगितलं नाही, पिन बसवणाऱ्याने वाचलं नाही. मशीन कोपऱ्यात साडी पांघरून बसलीय. अनुसयाबाई पुन्हा पायमशीनवर, दर टाक्याला गुडघा धरून.

परदेशातून आलेल्या तुमच्या माणसाचा दोनशेतीसचं एकशेदहा करणारा डबा माळ्यावर धूळ खात पडलाय का? दोनशे वॉटचा तरी हवा. असेल तर आजच काढा आणि गोडादऱ्याला पोचवा. पिनेचं आम्ही बघून घेऊ.