भावोजींचे सुरक्षित दिवे

आमचे भावोजी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कुणी शिंकलं तरी आधी त्याने हेल्मेट घातलंय का, ते बघतील. घरच्या स्वयंपाकघरात शोभेचे दिवे लावायचं त्यांच्या डोक्यात आलं आणि दुकानदाराच्या नाकी नऊ आले. दिव्यांची पट्टी तापायला नको, तिच्यात पाणी शिरायला नको, वायर सिंकपासून लांब हवी. सगळ्यांना विचारून झालं, फक्त ताईला विचारायचं राहिलं.

"अहो, ओट्यावर उजेड पडू दे. चिरताना माझीच सावली आड येते," ती आपणहून म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं?" म्हणत त्यांनी दिवे काचेच्या कपाटात लावले. पाहुण्यांचे कप झगमगले, ताई अंधारातच राहिली. बटण बसवलं शेगडीमागच्या भिंतीवर. का, तर तिथे पाण्याचा थेंब पोचत नाही! ताईने ते एकदाही दाबलं नाही. तिला स्वतःचा हात प्यारा होता.

रविवारी त्यांचे साहेब जेवायला आले. भावोजींनी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं आणि सुरक्षेवर बोलत बोलत बटणाकडे हात लांबवला. खाली शेगडी पेटलेली होती. नव्या रेशमी सदऱ्याच्या बाहीने भपकन पेट घेतला. ताईने ओला फडका मारून ती विझवली.

"इथे बटण कोणी बसवलं?" साहेब ओरडले.

भावोजी ताईकडे बघू लागले.

"ज्यांना चहासुद्धा बसल्या जागी लागतो, त्यांनी," ताई म्हणाली.