अंगणातली वाक्याची परेड

रविवार, सकाळची वेळ, कडेगाव. हजर: मी, आमचे हे, पुतणी दीपाली आणि शेजारचे सुभेदार आबा. गैरहजर कोणी नाही. आबांच्या वर्गाला दांडी मारायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही.

इंग्रजीचं वाक्य पायांनी शिकवणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. फौजेतून निवृत्त झाल्यापासून आबांनी सरळ प्रश्न विचारणंच सोडलंय. सरळ विचारणं म्हणजे अंगावर धावून जाणं, असं त्यांचं म्हणणं. वाण्याला ते "साखर कितीला हाय, तेवढं सांगशील का?" असं विचारतात. वाणी भाव सांगतो, वर बसायला स्टूल देतो. मला कुंपणावरून हाक येते, "वहिनी, चहा झालाय का, ते कळंल का?" झालेला नसला तरी मी आधण ठेवते.

दीपाली मात्र इंग्रजीत काही विचारायचं म्हटलं की गप्प व्हायची. दोन मुलाखती अशाच गेल्या. शिरवळच्या एका कंपनीत स्वागतकक्षाची जागा होती. हीही गेली तर घरी बसायचं, असं भाऊजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला बजावलं होतं. तिनं आबांना गाठलं आणि आबांनी आम्हा सगळ्यांनाच अंगणात उभं केलं.

मी 'व्हेअर', माझ्यामागं दीपाली 'इज', शेवटी हे 'द ऑफिस'. हा सरळ प्रश्न. मग आबा स्वतः 'कुड यू टेल मी' होऊन माझ्यापुढं येत आणि गरजत, "सायेब म्होरं आलं! इज, शेवटाला!" दीपाली पळत ह्यांच्या मागं जाऊन टाच आपटायची, की झालं 'कुड यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज'.

"आवं ऑफिस, पेपर ठेवा खाली!"

"रविवारी ऑफिस बंद असतंय, आबा," हे म्हणाले.

"मग उघडा की! पोरगी बाहेर उभी हाय."

मुलाखतीत तिला सांगितलं, तुम्ही पाहुण्या आहात असं समजा आणि ऑफिसचा पत्ता विचारा. दीपाली उभी राहिली. वाक्य बिनचूक आलं. फक्त 'इज'ला तिनं एक पाऊल मागं घेतलं आणि अशी टाच मारली की समोरच्या बाईंचा चहा बशीत सांडला. बाई हसल्या. नोकरी लागली.

आता दीपाली शिरवळला खोली घेऊन राहते. पहिल्या पगाराला येते म्हणाली होती. कामातून निघता आलं नाही. आबांकडं तिचा नंबर आहे, पण ते फोन करत नाहीत. परवा कुंपणाशी आले, बराच वेळ माझ्या कढीपत्त्याची पानं चाचपत राहिले.

"वहिनी, पोरगी कवा येणार हाय, ते जरा इचारून सांगाल का?"

सांगते म्हटलं. आजच्या कामांतली बाकीची सगळी झाली. तेवढा एक फोन राहिलाय.