सोमारीचं न हललेलं घर

धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या गावात राहणारी सोमारी भारी हट्टी, असं सारा गाव म्हणायचा, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. लेक सात वर्षांची झाली तरी तिला एकटीला नाल्यावर पाठवायची नाही. पोर झाडाआड गेली की ही हाका मारत मागं धावायची. बाया हसायच्या. हसोत बापड्या, त्यांच्या आया त्यांना सोडून गेल्या नव्हत्या.

सोमारी पाच वर्षांची असताना मजूर गोळा करणारा एक सरदार गावात आला आणि तिच्या मायबापाला आसामात चहाच्या मळ्यावर घेऊन गेला. पोरीच्या अंगात ताप होता, म्हणून तिला गाडीत घेईना. पुढच्या खेपेला नेतो म्हणाला. ती खेप काही आली नाही. आत्यानं वाढवलं, लग्न लावून दिलं. नवरा झाडू तिच्या मायबापाच्याच खोपटात येऊन राहिला, कारण सोमारी ते सोडायला तयारच नव्हती.

मग चौपन्न साली गावात देवीची साथ आली, माणसं दगावली. गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, सांगितलं की ही जागा आता चांगली नाही, गाव नाल्यापलीकडे हलवायचं. तिथली रीतच तशी. लोकांनी खांब उपटले, देव उचलले आणि निघाले. सोमारी तेवढी बसून राहिली.

झाडू तसा सोशिक. त्यानं तीन दिवस समजूत घातली. चौथ्या दिवशी ओसरीचा खांब उपसला आणि म्हणाला, धानोऱ्याच्या बाजारात सांगून ठेवू, तुझे मायबाप विचारत आले तर त्यांना नव्या गावाकडे पाठवतील. बोलणं शहाणपणाचं होतं.

"तुह्या मायचं तोंड कसं होतं, सांग. दिसली तं मीच हाक मारीन."

सोमारी सांगायला गेली आणि थांबली. नाक, डोळे, कपाळावरचं गोंदण, काहीच आठवेना. पंचवीस वर्षं जिच्यासाठी जीव तुटत होता, ती बाई समोरून गेली असती तरी हिनं ओळखली नसती.

"मले याद नाई," ती म्हणाली. "मी नाई वळखू शकत त्यायले. त्यायले हे घर तेवढं ठाऊक हाय."

झाडूनं तो उपसलेला खांब पुन्हा खड्ड्यात उभा केला आणि पायानं माती दाबू लागला.