सासूबाईंची खुर्ची

माझ्या सासूबाई कारखान्यात कधीच बसत नसत. शर्टांच्या शिलाईचा आमचा लांबलचक हॉल. मी मशीनवर, आणि त्या पार शेवटच्या टेबलावर तयार शर्ट तपासायला. टेबलाशी स्टूल होतं, पण त्यावर फक्त त्यांचा डबा बसायचा. मामंजी पूर्वी दुसऱ्या कारखान्यात होते. मशीन बंद पडलं म्हणून घटकाभर टेकले, नेमके तेव्हाच नवे मालक समोरून गेले, आणि महिनाअखेरीला मामंजी घरी. तेव्हापासून सासूबाईंचं एकच ब्रह्मवाक्य होतं: "रिकामं दिसलं की गेलं."

मग आमच्याकडे घड्याळसाहेब आले. हातात सतत स्टॉपवॉच, म्हणून हे नाव आम्हीच ठेवलेलं. माणूस फार गोड बोलायचा, आणि मला तर तीच भीती वाटायची. सगळ्यांना गोळा करून ते म्हणाले, "ज्या कामाचा गिऱ्हाइकाला उपयोग नाही, ते वाया. ते काढून टाकायचं." उदाहरण द्यायला बोट केलं ते शेवटच्या टेबलाकडे. "प्रत्येकीनं आपली शिलाई आपणच तपासली, तर शेवटी तपासायला उरतं काय?" सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे वापरात नसलेल्या वस्तूंना लाल चिठ्ठ्या लागल्या. चिठ्ठी लागली की वस्तू भंगारात. त्यांच्या स्टुलालाही लागली.

घरी त्यांच्या घशाखाली घास उतरेना. "माणसांनाही लावतात का गं चिठ्ठी?" त्यांनी मला विचारलं. एरवी मी हसले असते, पण घर आम्हा दोघींवरच चाललेलं.

मग त्यांनी पायाला भिंगरी लावून घेतली. मशीनवरचे गठ्ठे त्यांच्या टेबलापर्यंत आणायचं काम गाडीवालीचं. ती त्यांची जुनी मैत्रीण, दिवसभर ढकलगाडी घेऊन फिरायची. सासूबाई तिची वाट न बघता स्वतःच गठ्ठे उचलून आणू लागल्या. काखेत गठ्ठा, कपाळाला घाम, आणि एक डोळा घड्याळसाहेबांवर.

"अगं, माझं काम तू कशाला ओढतेस? मला काय म्हातारी समजतेस?" गाडीवाली रिकामी गाडी धरून हसायची.

मी एकदा चिडलेच. "आई, गुडघे जातील तुमचे!"

"जाऊ देत. नोकरी राहू दे."

घड्याळसाहेब तेव्हा कोपऱ्यात उभे राहून कागदावर रेघा ओढत होते. कोण कुठून कुठे गेलं, प्रत्येक खेपेची एक रेघ. तो कागद त्यांनी भिंतीवर लावला. बाकीच्यांच्या चार-दोन रेघा, आणि सासूबाईंच्या नावानं दोऱ्याचा गुंता झालेला. "हे सगळं चालणं वाया आहे," साहेब म्हणाले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"मावशी, उद्यापासून चालायचं नाही."

त्यांना वाटलं, संपलं. मलाही तसंच वाटलं.

"तुमचं टेबल मशीनच्या रांगेतच आणू. चूक तिथल्या तिथे सापडेल. आणि तुम्हाला बसायला खुर्ची देऊ."

मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. साहेब कागदाकडे बघत तितक्याच गोड आवाजात पुढे म्हणाले, "शिवाय इतके दिवस गठ्ठे ह्यांनीच आणलेत. म्हणजे गाडीची गरजच नव्हती."

सासूबाईंनी माझा दंड सोडला. त्या काहीतरी बोलायला गेल्या, पण आवाज फुटला नाही. तो फुटायला हवा होता, असं मला आजही वाटतं, आणि माझाही फुटला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ढकलगाडी दाराशी उभी होती, दांड्याला लाल चिठ्ठी. गाडीवाली आपला डबा न्यायला आली. जाता जाता नव्या टेबलाशी थांबली, तशा सासूबाई खुर्चीतून धडपडत उठू लागल्या.

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस गं. उठलीस तर रेघ ओढतील."

सासूबाई बसल्या.